दुसरा तुकडा

नारिन गावाच्या टेलिफोन कचेरीत शार्शेनची तीस वर्षं गेली. तारांचे दिवस गेले, फोन इंटरनेटवरून बोलू लागले, तरी लोकांच्या शिव्या खायला तोच होता. त्याचे गुडघे दुखत, डोळे चुरचुरत, आणि तक्रारी काही संपत नसत.

त्यातली एक बूबूसारा-अपांची; वडीलधाऱ्या बाईला तिकडे अपा म्हणतात. त्यांचा मुलगा कुबान दूर उत्तरेला गॅसच्या विहिरींवर कामाला. तिथे मोबाइल चालत नाही. छावणीतल्या फोनवरून तो दर रविवारी घरी बोलायचा. शरदापासून त्याचा फोन येईना. शार्शेन तीनदा जाऊन आला. गावातले फोन येत होते, जात होते. तिसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, "फोन ठणठणीत आहे, अपा. पोराने केला तर वाजेल ना!"

एके दिवशी कुबानचा सोबती सुटीवर आला. बाजारात शार्शेनला म्हणाला, "कुबान दर रविवारी रांगेत उभा राहतो. आई उचलत नाही म्हणतो."

शार्शेन चरकला. कचेरीत जाऊन त्याने मागच्या रविवारची नोंद उघडली. फोन वाजण्याआधी एक चिठ्ठी येते: कुणाचा, कुणाला. वाटेतलं प्रत्येक एक्स्चेंज तिच्यावर आपली एक ओळ चढवतं. जितका दूरचा फोन, तितकी चिठ्ठी जड. शरदात गॅसवाल्यांनी वाटेत आणखी एक एक्स्चेंज घातलं, चिठ्ठी मापाबाहेर गेली आणि तिचे दोन तुकडे झाले. पहिला तुकडा आत आला. दुसरा कचेरीच्या फायरवॉलने, म्हणजे राखणदार यंत्रणेने, दारातच टाकून दिला. अर्ध्या चिठ्ठीवर फोन वाजत नाही.

तुकडे टाकून द्यायचा नियम कुणी घातला? खाली नाव होतं: शार्शेन. तीन वर्षांपूर्वी बाहेरून कुणी अशाच तुकड्यांचा मारा करून यंत्रणेवर हल्ला केला, तेव्हा घातलेला. पुढे लिहिलं होतं, 'तात्पुरता'.

नियम काढायला मिनिटभरही लागलं नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी दुपारी तो अपांकडे गेला. फोन कापडात गुंडाळून दाराशी ठेवला होता.

"घेऊन जा," अपा म्हणाल्या. "गावभर सांगितलं मी, पोरगा आईला विसरला म्हणून."

"विसरला नाही, अपा. दर रविवारी करत होता. चूक माझी होती." कापड सोडून त्याने फोन जोडला.

अपांनी कापड उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "तू म्हणालास फोन चांगला आहे. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, पोटच्या पोरावर नाही."

तरी त्यांनी शार्शेनपुढे चहा ठेवला. चहा निवून गेला.

फोन वाजला.

"उचला ना, अपा."

"कुठल्या तोंडाने उचलू?"

सहाव्या घंटेला त्यांनी उचलला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "आई? अजून रागावली आहेस माझ्यावर?"

अपा रिसीव्हर कानाला लावून नुसती नकारार्थी मान हलवत राहिल्या.

"बोला, अपा," शार्शेन हळूच म्हणाला. "त्याला दिसत नाही."