सरदार बाई निघाला

नव्या जालन्यातल्या त्या नेट कॅफेत मुलांसाठी प्लायवूडच्या केबिनी होत्या आणि प्रत्येक केबिनीला पडदा होता. मुलींसाठी मात्र मालकाच्या काउंटरसमोर उघड्यावर एकच मशीन ठेवलेलं होतं. मालक म्हणायचा, ताई, इथं तुम्ही सेफ राहता. सेफ म्हणजे काय, तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला माझी पाठ आणि माझा स्क्रीन दिसायचा, आणि पडद्याआड कोण काय बघतंय ते कुणालाच दिसायचं नाही. या व्यवस्थेचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

दोन हजारच्या दशकातली ती पहिली वर्षं. मी वडीगोद्रीची, बी.एस्सी.साठी जालन्याला मामांकडे राहायला आलेली. मामांचं बियाण्यांचं दुकान होतं. घरात मामा, मामी आणि मी. कॉलेज सुटल्यावर कॉम्प्युटरच्या कोर्सची प्रॅक्टिस करायला कॅफेत जाते, असं मी घरी सांगितलेलं होतं आणि ते निम्मं खरं होतं. उरलेला वेळ मी एक खेळ खेळायचे.

त्या खेळात चित्रं नव्हती. नुसता मजकूर. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत लिहून यायचं की तुम्ही पुलावर उभे आहात, समोर गढी आहे, खाली पाणी वाहतंय. मग आपण टाइप करायचं, पुढे चल, दार उघड, तलवार काढ. त्याच पुलावर त्याच वेळी नागपूरचा, पुण्याचा, हैदराबादचा कुणीतरी आपापल्या कॅफेत बसून उभा असायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. कुणी चोर, कुणी लोहार, कुणी राक्षस. बोलणं सगळं हिंदीत, पण इंग्रजी अक्षरांत.

मी पहिल्यांदा घेतलं ते पात्र बाईचं होतं, एक वैद्यकीण. लढाईत जखमी झालेल्यांना औषध द्यायचं हे तिचं काम. मला वाटलं होतं, इथं कुणी आपल्याला बघत नाही, तर इथं तरी निवांत असेल. पहिल्याच आठवड्यात कळलं की तसं काही नसतं. मी कुणाची जखम बांधायला घेतली की तो विचारायचा, खरी मुलगी आहेस का, वय किती, कुठली, फोटो पाठव. गढीवर चाल करून जायचं ठरलं की मला म्हणायचे, तू मागे थांब, तुला लागेल. अहो, लागलं तर मरणार कोण होतं? अक्षरं मरणार होती. एकाने मला न मागता सोन्याचं कडं दिलं आणि मी त्याच्याशी गप्पा मारत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मला माजोरडी म्हटलं.

एक प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. आमच्या टोळीला एक गढी जिंकायची होती आणि दर वेळी आम्ही समोरच्या दारावर मार खात होतो. मी तिथले पहारे बसून बघितले होते. पश्चिमेच्या दारावर पहारा बदलताना ते दार थोडा वेळ मोकळं राहतं, तेव्हा आत शिरा, असं मी सांगितलं. टोळीतल्या एकाने उत्तर दिलं की वैद्यकीणबाई रागावल्या की फार गोड दिसतात. बाकीचे हसले. मग सगळे समोरच्या दाराने गेले आणि मेले, आणि खेळाच्या नियमाने अर्धमेले होऊन परत आल्यावर त्यांना औषध द्यायला मीच.

मी वैद्यकीण सोडून दिली आणि नवं पात्र घेतलं. एक म्हातारा सरदार. एका पायाने लंगडा, दाढी पिकलेली, कमी बोलणारा. त्याचं बोलणं मी वडिलांवरून, म्हणजे दादांवरून घेतलं. दादा आमच्या मोसंबीच्या बागेत माणसांना काम सांगायचे तेव्हा दोन-तीन शब्दांच्या पुढे जायचे नाहीत. थांबा. पाहू. आता चला. मीही तेवढंच टाइप करायचे. त्याच टोळीत मी नव्याने दाखल झाले आणि काही दिवसांनी पश्चिमेच्या दाराची तीच गोष्ट जवळपास त्याच शब्दांत पुन्हा सांगितली. कुणी हसलं नाही. सरदार म्हणतोय तर बराबर असेल, असं ज्याला वैद्यकीण गोड वाटली होती तोच म्हणाला. गढी त्याच दिवशी पडली. सगळे आनंदाने नाचत होते आणि मी खुर्चीत बसून दातओठ खात होते.

पुढे त्यांनी मला टोळीचा मुखिया केलं. सरदाराचं वय कुणी विचारलं नाही, फोटो तर नाहीच. कुणी भांडला तर सरळ भांडायचा आणि भांडण संपलं की संपायचं. नागपूरचा एक मुलगा रोज सरदाराजवळ येऊन बसायचा. घरी त्याने नापास झाल्याचं लपवलं होतं. ते ओझं त्याने मला सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि दादा जे म्हणाले असते तेच म्हणाले, घरी सांग, आजच सांग. त्याने सांगितलं.

याच टोळीत एक जादूगारीण होती. लांब केस, हिरवे डोळे, पायात पैंजण. टोळीतले निम्मे तिच्यावर फिदा. कुणी तिला अंगठी द्यायचं, कुणी घोडा. ही जादूगारीण माझ्याच कॅफेत, तिसऱ्या केबिनीत बसायची. डिप्लोमाला असलेला, मोटारसायकलवरून येणारा एक मुलगा होता तो. त्याला कुणी नवीन काही दिलं की तो पडद्याबाहेर डोकं काढून ओरडून सांगायचा आणि आजूबाजूच्या केबिनीतली पोरं बघायला जमायची, टाळ्या द्यायची. मालकही हसायचा. कॅफेतला प्रत्येकजण ते जाणून होता. मीही होते. मला त्यात काही गैर वाटलं नाही. सरदार म्हणजे मी, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. पडद्याआडून त्याला माझा स्क्रीन दिसायचा नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ती नुसती इंग्रजी अक्षरं वाटायची.

एका दुपारी लाइट गेली. बॅटरीवर फक्त काउंटरचं आणि माझं मशीन चालायचं, त्यामुळे केबिनीतली पोरं बाहेर येऊन उभी राहिली. तो जादूगारीणवाला माझ्या पाठीमागे येऊन थांबला आणि माझ्या स्क्रीनवर त्याला आमचीच गढी दिसली.

“सरदार तू आहेस?” त्याने विचारलं.

मी हो म्हणाले आणि हसले. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. इतक्या दिवसांत माझ्यासारखंच काहीतरी करणारा कुणीतरी समोर उभा होता. तुझी जादूगारीणही छान जमलीय, असं मी त्याला म्हणाले. त्याला ते आवडलेलं दिसलं नाही. तो मित्रांत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी खेळात शिरले तर गढीच्या चौकात सगळी टोळी जमलेली. सरदार मुलगी आहे, जालन्याची कॉलेजातली मुलगी आहे, हे त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मग जे सुरू झालं त्याला पंचायतच म्हणावं लागेल. तू आम्हाला फसवलंस. तू आमचा विश्वास तोडलास. आम्ही तुझ्याशी मर्दासारखे बोललो. मी विचारलं, जिंकलेल्या गढ्या खोट्या होत्या का? नागपूरचा मुलगा एवढंच म्हणाला की मी सांगितलेलं कुणाला सांगू नका. त्याच्यावर मी रागावू शकले नाही. मी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याचं नाव आजही सांगणार नाही.

तेवढ्यात जादूगारीण बोलली. तिने लिहिलं की हिच्यामुळे आम्हा सगळ्या बायकांची बदनामी झाली आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग उठले, तिसऱ्या केबिनीपाशी गेले आणि पडदा बाजूला ओढला. तो कीबोर्डवर हात ठेवून बसला होता, शेजारी दोन मित्र.

“तू कोणत्या बायकांविषयी बोलून राह्यला?” मी विचारलं.

तो जरा दचकला. मग म्हणाला, “माझं सोंग आहे. सगळ्यांना माहीत आहे. तुझं खोटं आहे.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला? ज्याने तुला घोडा दिला त्याला माहीत आहे?”

त्याने स्क्रीनकडे तोंड फिरवलं. काउंटरवरून मालकाचा आवाज आला, ताई, मुलांच्या केबिनीत जायचं नसतं. मी परत माझ्या जागेवर आले तर स्क्रीनवर लिहून आलं होतं की तुम्ही पुलावर उभे आहात आणि गढीचं दार बंद आहे. मी उठून गेले तेवढ्यात त्यांनी मला टोळीतून काढून टाकलं होतं.

कॉलेजात ती गोष्ट लगेच पोचली. व्हरांड्यातून जाताना पोरं मला मुजरा करायला लागली. जादूगारणीला कुणी काही म्हटलं नाही, उलट तिचे किस्से कँटीनमध्ये कौतुकाने सांगितले जात. दुकानात कुणीतरी मामांच्या कानावर घातलं. मामांनी मला समोर बसवलं, पण नेमका राग कशाचा आणायचा तेच त्यांना कळेना. मी मुलांशी बोलत होते म्हणून आणावा, तर मी मुलगा होऊन बोलत होते. मुलगा झाले म्हणून आणावा, तर ते फक्त टायपिंग होतं. शेवटी त्यांनी त्या कॅफेत जायचं नाही एवढं ठरवलं आणि लोक काय म्हणतील हे मला दोनचार वेळा ऐकवलं. त्या पोराच्या घरी असं काही झालं असेल का, एवढं मी विचारलं. मामा म्हणाले, तो पोरगा आहे.

दिवाळीला मी वडीगोद्रीला गेले. आमचे एक चुलते तरुणपणी गावच्या नाटकात बाईचं काम करायचे. जत्रेत नाटक असायचं, गावातल्या बायकांना स्टेजवर चढायची सोय नव्हती, म्हणून ते लुगडं नेसून उभे राहायचे. आजूबाजूच्या गावांहून लोक त्यांना बघायला यायचे. गावाने त्यांचा सत्कार केलेला, त्याचा फोटो बैठकीत लावलेला होता. मला वाटलं, हे घरात एकटे समजून घेतील. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

काकांनी नीट ऐकलं. मग विचारलं, तुझा सरदार लंगडा होता तर चढावर त्याला कसं चालवायचीस? मी सांगितलं की तो चढावर थांबून मागच्यांना आधी पुढे जाऊ देतो. त्यांना ते पटलं, त्यांनी मान डोलावली. पण बाकीच्या गोष्टीवर ते म्हणाले, जाऊ दे, लोकांना सवय नाही, सोडून दे.

मला एकदम संताप आला. मी म्हणाले, तुम्हाला गावाने फेटा बांधला आणि मला हाकलून दिलं, आणि मी सोडून देऊ?

उत्तर आलं ते काकूंकडून. त्या दारात बसून करंज्यांना मुरड घालत होत्या.

“ह्यायला बाईसारखं चालायला मी शिकवलं,” काकू म्हणाल्या. “नेसवलं मी. लुगडं माझं, चाल माझी, अन् नाटक पाहायला मला मागं बैलगाडीवर बसवलं. मला कोणी इचारलं न्हाई, बाई तू करती का काम म्हणून.”

काका फोटोकडे बघत राहिले. काकूंनी हातातली करंजी ताटात ठेवली, दुसरी घेतली आणि मला म्हणाल्या, “तू सोडू नको. बिलकुल सोडू नको.”

इतक्या वर्षांत काकूंचा हा राग घरातल्या कुणाला दिसला नव्हता. माझ्या रागापेक्षा तो किती जुना होता, आणि तो ऐकायलासुद्धा कुणी थांबलं नव्हतं, हे लक्षात आल्यावर मला माझं गाऱ्हाणं थोडं लहान वाटलं. राग लहान झाला नाही.

सुट्टी संपल्यावर जुन्या जालन्यात दुसरा कॅफे शोधला. तिथं माझ्या मशीनचं तोंड भिंतीकडे करून द्या, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. मालकाने कुरकुरत करून दिलं. मी तोच सरदार, त्याच नावाने, त्याच लंगड्या पायाने पुन्हा खेळात आणला आणि या वेळी येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं की याला एक बाई चालवते. काही लोक ते ऐकून निघून गेले. काहींनी पुन्हा फोटो मागितला, त्यांना मी हाकललं. हैदराबादचा एक माणूस जुन्या टोळीत लोहाराचं काम करायचा. पंचायतीच्या दिवशी तो अवाक्षर बोलला नव्हता. तो एक दिवस पुलावर येऊन उभा राहिला. मी त्यालाही सांगायला लागले तर त्याने मध्येच लिहिलं, “मालूम है. सरदार, आज किधर चलना है?” त्या दिवसापासून आम्ही दोघं, मग चौघं, मग बरीच माणसं झालो.

पुढच्या उन्हाळ्यात जुन्या टोळीकडून निरोप आला. त्यांच्या हातून दोन गढ्या गेल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं की झालं गेलं विसरून जाऊ, तुम्ही परत या, फक्त एक अट आहे, या वेळी खरेपणाने या, मुलीचं पात्र घेऊन या. खाली सगळ्यांची नावं होती आणि त्यांत जादूगारणीचंही होतं. तिला कुणीच काही अट घातलेली नव्हती.

मी उत्तर लिहिलं की आधी तुमच्या जादूगारणीला खरेपणाने मिशा लावून येऊ द्या, मग मी विचार करते. माझी माणसं पुलावर वाट बघत उभी होती. मी त्यांना चला म्हणून टाइप केलं, आणि रागाच्या भरात एवढा एक शब्दसुद्धा चुकला, तो मला खोडून पुन्हा लिहावा लागला.