आत्या आणि दारामागची टाइल

यवतमाळ जिल्ह्यात अर्धं काम टाकून पळालेला मिस्त्री, प्लंबर, सुतार किंवा पेंटर कुठल्याही गावात जाऊन दडू दे, आमची आत्या त्याला हुडकून काढते, त्याच्याच घरचा चहा त्याच्यासोबत पिते आणि त्याला परत त्याच भिंतीपुढं आणून उभा करते. हे मी फुगवून सांगत नाही. म्हणजे थोडं फुगवून सांगतो, पण फार नाही. आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. बाबा तिला ‘बाई’ म्हणतात. ती बोरी अरबला राहते, एकटीच. मुलं पुण्याकडं स्थिरावली, तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. उंची बेताची, आवाज मात्र बाजारातल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा, आणि हातात कायम एक कापडी थैली. त्या थैलीत काय असतं हे कोणी विचारत नाही, कारण विचारलं की त्यातली एखादी वस्तू आपल्याला खावीच लागते.

आत्याचा पहिला नियम म्हणजे मिस्त्रीला फोन करायचा नाही. “फोनातला मिस्त्री सदा रस्त्यातच राह्यते,” असं ती म्हणते, आणि मी माझ्या अनुभवावरून सांगतो, यात एका अक्षराचीही चूक नाही. फोन करणारा माणूस घरी वाट पाहत असतो, मिस्त्री ‘बस, निघालोच’ म्हणत असतो आणि मधे संध्याकाळ होते. त्यामुळं आत्या सकाळीच उठून सरळ मिस्त्रीच्या घरी जाते. तक्रार करत नाही, कामाचा विषयही काढत नाही. त्याच्या बायकोजवळ बसून तुरीची डाळ निवडू लागते, त्याच्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारते, पोरांना थैलीतून बोरकूट देते. तासाभरात त्या घरातल्या बायाच त्या माणसाला विचारू लागतात, की अहो, तुमी या आत्याबाईचं काम काहून अडवून ठेवलं? एकदा आमच्या चुलतभावाचा फरशीवाला असाच बेपत्ता होता. तो चतुर्थीला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जातो असं तिला कळलं. तिथं मंदिर जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत्या खाली उतरलीच नाही. वरच्या पायरीवर थैली मांडीवर घेऊन बसली. फरशीवाला कपाळाला गुलाल लावून वर आला, तशी ती म्हणाली, “झालं दर्शन? काय मांगतलं देवाले? आमची फरशी मांगतली असन तं चाल, आत्ताच देऊन टाकतो देव.” गुलालासकट तो तिच्यासोबत एसटीत बसला.

दुसरी गोष्ट अवजारांची. मिस्त्री एकदा कामावर आला की संध्याकाळी आत्या त्याची थापी आणि ओळंबा स्वतः धुते, पुसते, हळदकुंकू लावते आणि देवाऱ्यापाशी नेऊन ठेवते. “लक्ष्मी हाये ते, रस्त्यानं सांडन कुठी.” कोणता मिस्त्री देवाजवळून ओळंबा उचलून नेईल? आणि ओळंब्याशिवाय दुसरीकडं भिंत तरी कशी उभी करेल? सकाळी त्याला आमच्याच दारात यावं लागतं, आणि दारात आला की पाटोडीच्या रश्श्याचा वास येतो. फरशी झाली की आत्या पाण्याचा गडवा ओतून पाहते. पाणी मोरीकडं गेलं तर मिस्त्रीच्या पाठीवर थाप. उलटं गेलं तर काहीच बोलत नाही, नुसती पाण्याकडं पाहत बसते. मी मोठमोठे ठेकेदार त्या बसण्यानं घामाघूम झालेले पाहिले आहेत.

आता माझं सांगतो. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. माझ्या आधी आमच्यापैकी कोणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलं नव्हतं, आणि हे मी कुठंही छाती पुढं काढून सांगतो. यवतमाळात लोहाऱ्याकडं एका कारखान्यात नोकरी करतो, तिथूनच जवळ घर बांधलं. गेल्या वर्षी बाबा अंगणात पडले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता उकिडवं बसायचं कायमचं बंद, घरी कमोड बसवा, भिंतीला धरायला दांडा लावा, मगच यांना न्या. मी शिकलेला माणूस, म्हणून पद्धतशीर गेलो. एक मिस्त्री ठरवला आणि त्याच्याशी स्टँपपेपरवर करार केला. त्यानं इतकी झोकदार सही केली, की मला वाटलं, काम झालंच. दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन जुना संडास फोडला, भिंतीच्या टाइल्स काढल्या, रेतीचा ढीग दारात टाकला आणि तो गेला, तो गेलाच. पुढं मला कळलं, की ही त्यांची रीतच आहे. आधी सगळ्यांची घरं फोडून ठेवायची. फोडलेल्या घरात दुसरा मिस्त्री हात घालत नाही, त्यामुळं गिऱ्हाईक कुठं जात नाही. मग सवडीनं एकेक जोडत बसायचं.

बाबा दवाखान्यात रोज विचारत, “झालं का रे?” मी रोज म्हणे, “होऊन राह्यलं.” त्यांना तिथं पलंगावरच भांडं घ्यावं लागे. बाबांनी आयुष्यात कोणाला पाण्याचा पेला मागितला नाही. एक दिवस माझी बायको डबा घेऊन आली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. ती बाहेर गेल्यावर मला म्हणाले, “मले घरी ने. नाहीतर बोरीले बाईकडं टाकून दे. सुनेपुढं भांडं मांगाची लाज वाटते बे.” सुट्टी मिळायचा दिवस जवळ आला होता आणि माझ्या घरात संडासाच्या जागी खड्डा होता. मी कारखान्यातून मिस्त्रीला फोन लावला. पंधरावीस वेळा वाजल्यावर उचलला आणि रडक्या आवाजात म्हणाला, “साहेब, काय सांगू, माई सासू वारली. दारव्ह्याले हावो. आता तेरवी झाल्याबिगर काही जमत नाही.” मी त्याचं सांत्वन केलं.

हे मी आत्याला सांगितलं, तेही तिनं बाबांची खुशाली विचारायला फोन केला म्हणून. मग ती म्हणाली, “सासू मेली म्हनते? दारव्ह्याले? मंग भेटाले जा लागन ना आपल्याले.”

आमच्याकडं कोणाच्या घरी मयत झाली की चूल बंद असते, म्हणून सोयरेधायरे पिठलं-भाकर घेऊन जातात. आत्यानं पहाटे उठून पिठलं केलं, भाकरी थापल्या, डबा थैलीत टाकला आणि दारव्ह्याला उतरली. ‘यवतमाळच्या मिस्त्रीची सासुरवाडी’ एवढ्या पत्त्यावर तिनं घर गाठलं. दार उघडलं ते एका ठणठणीत बाईनं, हातात सूप.

“कोन गेलं वं तुमच्या घरचं?” आत्यानं विचारलं.

“कोनी नाही गेलं. कोन पाह्यजे तुमाले?”

“जावई यवतमाळले मिस्त्री हाये ते तुमीच काय?”

“हो, मीच त्याची सासू.”

“मंग तुमीच गेल्या,” आत्या म्हणाली आणि ओट्यावर टेकली.

पुढचं आत्याच्याच तोंडून ऐकावं. ती सांगते, “आंधी ते चिडली, मंग हसली. इतकी हसली का सूप पडलं हातातून. म्हनलं, बाई, डबा आनला हाये, वाया कायले घालवाचा? मंग दोघी जनी बसलो. आपल्याच मयतीचं पिठलं खाल्लं तिनं, अन् म्हने, मीठ कमी हाये. अन् चहा काय केला मेलेल्या बाईनं! असा चहा जित्याइले जमत नाही.”

चहा झाल्यावर दोघी एसटीत बसून यवतमाळला आल्या. येताना सासूबाईंनी लेकीला फोन करून निरोप ठेवला, की नवऱ्याला म्हणावं, त्या संडास फोडलेल्या साहेबाच्या घरी तातडीनं ये, तिथं पाहुणे आले आहेत. मीही अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी पोचलो होतो. दुपारी मिस्त्री गाडीवरून उतरला, फाटक उघडलं आणि जागीच थांबला. रेतीच्या ढिगावर चवाळं टाकून आत्या बसली होती आणि तिच्या शेजारी त्याची दिवंगत सासू बशीतून चहा पीत होती.

“या जावईबापू,” सासू म्हणाली. “मी मेली म्हनता ना? मंग तुमच्या डोयात पानी काहून नाही?”

“अवो मामी... ते तुमी नाही... ते चुलत सासू म्हनलं होतं मी.”

“कोनती चुलत? ते तं माया लग्नाच्या आंधीच गेली!”

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी कराराचा कागद आणून त्याच्यापुढं नाचवायचा होता. मी आत वळलोही. आत्यानं मला हातानंच बसवलं. “असू द्या वं बाई,” ती सासूला म्हणाली, “जित्या हा ना, हेच बरं झालं. मिस्त्री, पानी प्या. जेवन झालं का? माया भाऊ दवाखान्यात हाये. त्याले घरी आनाचं हाये मले.” बस्स, एवढंच. मिस्त्रीनं चप्पल काढली आणि थापी उचलली. नंतर मी आत्याला हळूच विचारलं, की त्याला चार शब्द का नाही सुनावले. ती म्हणाली, “लाजवला का मानूस पयते. त्याले परत याले जागा ठेवा लागते.” आणि मग मिस्त्रीकडं वळून माझी ओळख करून दिली, “हा माया भाचा. आमच्या घरात पयला हाच शिकला, लय हुशार. पन एक गोष्ट कॉलेजात नाही शिकवली त्याले. खोटं बोलता येत नाही बिचाऱ्याले. तुमा लोकाइशी कसा निभन तो? म्हनून मले या लागते.” हे ती इतक्या अभिमानानं बोलली, की तारीफ केली की कीव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सासूबाई मुक्कामी राहिल्या. ओळंबा रोज संध्याकाळी देवाऱ्यापाशी. दोन म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसत, आणि मिस्त्री सासूच्या देखत असा सरळ टाइल लावे, की तसं काम त्यानं उभ्या आयुष्यात केलं नसेल. बाबा घरी आले तेव्हा आत्यानं त्यांना दांड्यापर्यंत नेलं आणि म्हणाली, “धर भाऊ. लटकून पाह्य.” बाबा आत गेले. दार आतून लावलं. कडीचा आवाज आला, आणि आत्या पदरानं तोंड पुसत उगाच रेतीकडं गेली.

ती बोरीला परतल्यावर काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की संडासाच्या दारामागं, खालच्या कोपऱ्यात, एक टाइल लावायची राहून गेली आहे. सिमेंट उघडं, आणि टाइल तिथंच भिंतीला टेकवून ठेवलेली. मी मिस्त्रीला फोन केला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मी चाट पडलो.

“साहेब, ते राह्यली नाही, ठेवली हाये,” तो म्हणाला. “आत्याबाईनं सांगतलं, ‘येवढी राहू द्या. मी आली का लावजा.’ आता मी लावून बसलो तं माई सासू मले सोडन काय?”

मी हे बाबांना सांगितलं. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी काठीची मूठ चोळली. “राहू दे ना,” ते म्हणाले. “तुई माय होती तवा बाईले बोलावनं जाये. माहेरचं बोलावनं भावजय धाडते. माय गेली, बोलावनं गेलं.” मला ऐकवेना. आम्ही तर आत्याला नेहमी म्हणायचो, कधीही या. पण ‘कधीही या’ हे काही बोलावणं नव्हे. मग मी आठवत गेलो. आई गेल्यावर आत्या आमच्याकडं आली ती नळ गळत होता तेव्हा, स्लॅब पाझरला तेव्हा, दरवाजा फुगला तेव्हा. काम निघालं की ती यायची, आणि काम संपलं की थैली उचलून जायची. आता माझी बायको सणावाराच्या आधी आठवणीनं फोन करून रीतसर बोलावते. आत्या खूश होते, पण म्हणते, “पाहू. नुसतं बसाले कायले येऊ?”

परवा ती आली. फाटकातून आत शिरली ती बाबांना ओझरती हाक देऊन थेट संडासाकडं गेली, दार ओढून मागं वाकून पाहिलं. टाइल तिथंच होती, पुसून ठेवलेली.

“काहून रे? मिस्त्री आला नाही अजून?”

खाटेवर बाबा काठी धरून माझ्याकडं पाहत होते.

“नाही ना आत्या,” मी म्हणालो. “फोनच उचलत नाही.”

आत्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग थैली खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि बाबांच्या शेजारी ऐसपैस बसत म्हणाली, “मंग राहा लागन दोन-चार दिवस.”