केळ्याएवढं पोट

माझं वजन एकशे सव्वीस किलो होतं तेव्हा मी तहसील कचेरीत टंचाईचं टेबल सांभाळत होते. कोणत्या गावाला टँकर लागतो, विहीर खरंच आटलीय का, खेपा ठरल्याप्रमाणे होतात का, हे बघायचं आणि कागद वर पाठवायचे. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा दुष्काळ. माणसं वाळली होती, जनावरं वाळली होती, आणि टंचाईची बाई मात्र कचेरीच्या दारातून अंग वळवून आत शिरत होती. लोक तोंडावर काही बोलत नसत, कारण प्रस्ताव माझ्या टेबलावरून जायचा. पण एका म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "बाई, तुमच्याकडं टँकर रोजच येतो का वो?"

घरात दुसरं कुणी जाड नव्हतं. आई भोकरकडची, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली, शेवग्याच्या शेंगेसारखी. नवरा एस.टी.त कंडक्टर, औसा-निलंगा मार्गावर. गच्च भरलेल्या गाडीत तो मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत कुणाला धक्का न लावता जायचा. मला पस्तिशीत साखर निघाली, चाळिशीत बीपी, मग गुडघे गेले. मेथीचे दाणे झाले, कारल्याचा रस झाला, सकाळच्या फेऱ्या झाल्या. सहा किलो जायचे आणि आठ यायचे.

अशात निलंग्याकडच्या एका गावात टँकरवरून भांडण पेटलं आणि ग्रामसभेला मला जावं लागलं. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अर्धा तास गावानं मला मनसोक्त झापलं. शेवटी उत्तर द्यायला मी ताडकन उठले, तर माझ्याबरोबर खुर्चीही उठली. मी टँकरच्या खेपा वाचून दाखवतेय आणि मागं खुर्चीचे चार पाय शाळेच्या भिंतीकडं रोखलेले. आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळा गाव. दोन बाया पुढं आल्या. एकीनं मला धरलं, दुसरीनं खुर्ची धरली, आणि ओढून आम्हाला वेगळं केलं. त्यानंतर भांडण कुणाला आठवेना. सरपंच गाडीपर्यंत सोडायला आले. "म्याडम, पुढच्या सभेलाबी तुमीच या," म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तोही पोट धरून हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. पुढं दोन दिवस तो माझ्यासमोर तोंड पाडून वावरला, आणि त्याचाच मला जास्त वैताग आला.

महिनाभरात कचेरीत तपासणीचं शिबिर झालं. माझी साखर बघून तिथल्या डॉक्टरांनी पट्टी दोनदा बदलून पाहिली, आणि नांदेडच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं वजनाचं ऑपरेशन करणारी एक डॉक्टरीण नवीन आली होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बोलायला स्पष्ट. तिनं कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि मधून रेघ मारली.

"हा मोठा भाग कापून काढायचा. उरतं ते साधारण केळ्याएवढं."

"कोणतं केळं?" मी विचारलं. "अर्धापूरचं की वेलची?"

तिनं जरा विचार केला. "वेलचीपेक्षा मोठं. पण अर्धापूरचं नाही."

मग तिनं अटी सांगितल्या. सुरुवातीला नुसतं पातळ. दिवसभर घोट घोट पाणी, एकदम प्यायचं नाही. गोड बंद. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर, तपासण्या जन्मभर. "ही जादू नाही," ती म्हणाली. मी प्रत्येक वाक्याला मान डोलवली. सरकारी नोकरीत ती सवय लागतेच.

खरी अडचण आईची होती. भोकरला जाऊन तिला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"चांगलं पोट कापून टाकणार?"

"हाव."

"आमी पोट भरायला तरसलो," ती म्हणाली, "अन् तू पोटच काढून टाकून राहिली."

तिनं लहानपणी अंबाडीची भाजी नुसती उकडून खाल्लेली, तीही दोन दिवसांतून एकदा. ती माझ्यावर रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. तरी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भोकरहून पहिल्या गाडीनं ती नांदेडला हजर झाली.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर उदगीरची एक लिंगायत बाई होती. नवऱ्यामागं किराणा दुकान चालवणारी, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, वजन माझ्याहून चांगलं पंधरा किलो जास्त. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. अंगावरचे दागिने काढा म्हटल्यावर तिनं बांगड्या काढल्या, कानातली काढली, पण इष्टलिंग काढेना. "जीव गेला तर ह्याच्यासकट जाऊ द्या," म्हणाली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी चांदीची डबी तेवढी उतरवून घेतली, आतलं लिंग स्वच्छ कापडात गुंडाळलं आणि पट्टीनं तिच्या दंडाला बांधून दिलं. मी त्याच डॉक्टरणीला आदल्या दिवशी सांगितलं होतं की आम्ही बौद्ध आहोत, आमचं असं काही बांधायचं नाही. आता उगाच वाटलं, काहीतरी असायला हवं होतं.

ऑपरेशन झाल्यावर कापलेला भाग नातेवाइकांना दाखवतात. नवऱ्यानं स्टीलच्या ट्रेमध्ये डोकावून म्हटलं, "एवढंच? ह्याच्यासाठी एवढा तमाशा?" आईनं विचारलं, आता ह्याचं काय करणार. नर्स म्हणाली, तपासायला पाठवणार.

"त्यात तपासायचं काय?" आई म्हणाली. "भातच निघंल."

तिसऱ्या दिवशी औषधाच्या टोपणातून पाणी मिळालं. एक टोपण प्यायला दहा मिनिटं. अक्का आणि मी भिंत धरून व्हरांड्यात चालायचो आणि एकमेकींना विचारायचो, "भूक लागली का?" लागत नव्हती. चाळीस वर्षं रोज न चुकता लागलेली भूक गेलीच कुठं, ह्याचं मला आश्चर्य वाटायचं, आणि जरा भीतीही. अक्काला सगळ्यात मोठं दुःख अंड्याचं होतं. प्रथिनांसाठी अंडी सांगितली तर तिनं कानांवर हात ठेवले. मग पनीर, ताक, मुगाचं पाणी असं काय काय तिला लिहून दिलं.

घरी परतले आणि खरी परीक्षा सुरू झाली. आमच्या वसाहतीत पाणी कधी येईल ह्याचा नेम नव्हता आणि मला दिवसभर पाणी पीत राहायचं होतं. घरात भांडी खरकटी, कपडे तसेच, आणि माझ्यासाठी मात्र उकळून गाळलेली बाटली. कचेरीत तर लाजच वाटायची. समोर टँकर मागायला आलेला माणूस, आणि मी दर पाच मिनिटांनी बाटली तोंडाला लावणार कशी? मी फाइल उभी धरायचे आणि तिच्याआड घोट घ्यायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ अर्ज घेऊन बसले होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "प्या की बाई मोकळ्यानं. आमी बघितल्यानं बाटली आटत न्हाई." त्यांच्या गावचा प्रस्ताव मी त्याच दिवशी पाठवला. लाच म्हणायची असेल तर म्हणा.

साखरेच्या गोळ्या दोन महिन्यांत सुटल्या. बीपीची अर्ध्यावर आली. वजन इतकं भराभर उतरलं की कचेरीत माझ्याविषयी हळू आवाजात बोलायला लागले. एका शिपायानं तर माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "कितवी स्टेज हाय?" केस मात्र मूठमूठ गेले. न्हाणीत बघितलं की वाटायचं मांजर धुतलंय.

त्याच सुमारास आमच्या तालुक्याचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून कचेरीसमोर मांडव पडला. साखळी उपोषण. सकाळी बसलेले संध्याकाळी उठायचे, दुसऱ्या दिवशी दुसरे बसायचे, आणि उठलेले समोरच्या हॉटेलात भजी खायचे. मी दिवसाला दोन वाट्या वरणाचं पाणी आणि एक अंडं खात होते. मांडवातल्या कुणाहीपेक्षा माझं उपोषण कडक होतं, फक्त माझी मागणी काही नव्हती.

एके दिवशी मुंबईहून कुणाचा तरी फोन आला की जिल्हा झालाच म्हणून समजा. हलगी वाजायला लागली, पेढे आले. एक पुढारी माझ्या टेबलाशी आले आणि मी नको नको म्हणेपर्यंत अख्खा पेढा त्यांनी माझ्या तोंडात कोंबला. थुंकणार कुठं? गिळला. पंधरा मिनिटांत दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात पीळ पडला, आणि मी दोन कपाटांच्या मध्ये फरशीवर आडवी झाले. भोवती गर्दी जमली. "म्याडमला आनंद सहन झाला न्हाई," पुढारी म्हणाले. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात तेच छापून आलं. तासाभरात मी बरी झाले. जिल्हा अजून व्हायचाय.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पुढचं नाही, आणि त्यात चूक माझी होती. पाऊस झाला, टंचाईची धावपळ संपली, मी छान दिसायला लागले, नव्या साड्या घेतल्या, जुने ब्लाऊज टीप मारून आवळून घेतले आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या विसरले. आधी एखादा दिवस, मग आठवडे. नांदेडची तपासणी दोनदा चुकवली. बरी तर होते, मग कशाला जायचं? मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. एकदा पायातली चप्पल रस्त्यात मागं राहिली आणि मी तशीच बस स्टँडपर्यंत चालत गेले, कळलंच नाही. गाडीत चढताना पायरीचा अंदाज चुकला आणि मी पडले, तेही नवऱ्याच्याच गाडीत. त्यानं घंटी मारून गाडी थांबवून धरली, मला उचलून सीटवर बसवलं, आणि प्रवाशांसमोर ओरडला, "उद्याच्या उद्या नांदेड! रजा टाकलीय मी!" रजा त्यानं अजून टाकली नव्हती. पण टाकली.

बी-बारा जवळजवळ संपलं होतं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. पायाला कापूस लावून विचारत राहिल्या, "कळतंय? आता?" मला कळत नव्हतं, आणि मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडले. इंजेक्शनं सुरू झाली. डाव्या पायाची जाण पूर्ण परत आली, उजव्याची दोन बोटं अजून बधिर आहेत. त्या दिवशी त्यांनी नवऱ्यालाही काट्यावर उभं केलं. माझ्या ताटातलं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तो दीड वर्ष दोघांचं जेवत होता. काटा बघून त्या म्हणाल्या, "तुमची साखर कधी तपासली?" आता घरात त्याच्या गोळ्या आहेत.

मागच्या तपासणीला अक्का भेटली. माझं वजन सत्तर किलोपर्यंत जाऊन ब्याऐंशीवर थांबलंय. तिचं मात्र बरंचसं परत आलंय.

"काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काहीच न्हाई वो म्याडम. खाल्लेलं उतरतच न्हाई."

"मग पिता काय?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. "उसाचा रस," ती म्हणाली. "अन् दुकानात आइस्क्रीमचा फ्रीज आलाय नवा."

पण तिचं इन्सुलिन सुटलं होतं, एका गोळीवर भागत होतं. आणि ती जमिनीवर मांडी घालून पूजेला बसत होती. इतकी वर्षं तिनं पलंगावर पाय सोडून पूजा केली होती. "महादेवानं काय समजून घेतलं असंल ते असंल," ती म्हणाली.

बाहेर बाकावर पंचविशीतली एक मुलगी बसली होती, पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन. तिनं आम्हाला विचारलं तसं आम्ही सगळं सांगितलं. मी बाही वर करून दंडाची लोंबती कातडी हलवून दाखवली. केसांचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, अक्कानं उसाच्या रसाचं सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला.

"मग करू नको म्हणता?"

"कर की," अक्का म्हणाली. "गोळ्या चुकवू नको. हिच्यासारखं शहाणपण करू नको, माझ्यासारखंबी नको."

मुलगी हळूच म्हणाली, "भूक परत लागते का?"

"लागते," मी म्हणाले. "वर्ष-दीड वर्षानं लागायला लागते."

"मग काय करता?"

"थोडं जेवतो," अक्का म्हणाली, आणि आत तिचं नाव पुकारलं म्हणून उठली.