समोरच्या घरासाठी केक

जास्त पिकलेल्या केळ्यांचा वास आला की मला मुलुंडचं ते भाड्याचं घर आठवतं. नोकरीचा पहिला महिना होता, पगार व्हायचा होता आणि मी एकटी राहत होते. रविवारी घरात उरलेला रवा, गुळाचा खडा, आंबट दही, चिमूटभर खायचा सोडा आणि काळी पडलेली दोन केळी एवढंच होतं. ते सगळं कालवून शिटी काढलेल्या कुकरमध्ये मिठाच्या थरावर केक भाजला. तो इतका छान फुलला की कुणाला तरी द्यावासा वाटला. इमारतीत तोवर मी कुणाशीच बोलले नव्हते. अर्धा केक स्टीलच्या डब्यात घालून समोरची बेल वाजवली. एका बाईंनी दार उघडलं आणि डब्याकडे पाहिलं. "आम्ही डबा नाही लावलाय गं. वरच्या आजींचा असेल, लिफ्टने जा ना." मी समोरच राहते, हे सांगायचं होतं, पण तोंडातून "हो, सॉरी" एवढंच आलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, म्हणून मी खरंच लिफ्टने वर गेले. त्यांचं दार लागल्याचा आवाज आल्यावर चपला हातात घेऊन जिन्याने उतरले आणि गुपचूप माझ्या घरात शिरले. पुढे लिफ्टमध्ये भेटल्या की त्या विचारायच्या, "आजींकडे का?" घर सोडेपर्यंत मी हो म्हणत राहिले. आता याचं हसू यायला हवं, पण येत नाही.