मशीनची पूजा आणि माझी पाळी

"कुणाला अडचण आसंल तर आत्ताच बाजूला व्हा. लपवू नका. मशीनला दोष लागतो."

खंडेनवमीची सकाळ. चाकणच्या आमच्या कंपनीत त्या दिवशी सगळ्या मशीनची पूजा असते. शॉपफ्लोर धुतलेला, मशीनवर झेंडूच्या माळा. आम्ही मोजक्या बायका ऑपरेटर, बाकी सगळे पुरुष. आणि सुपरवायझरनं हे सगळ्यांसमोर विचारलं. मोठ्यानं. पुरुषांच्या गप्पा थांबल्या. कोण हलतंय ते बघत उभे राहिले.

मी हलले. कामाला नवीन होते आणि त्या दिवशी मला पाळी होती. खोटं बोलायची हिंमत झाली नाही. भंगाराच्या पिंपापाशी जाऊन उभी राहिले. मागे कुणीतरी खुसखुसलं. माझ्या मशीनपुढं नारळ फोडला तो अकाउंट्सच्या साहेबांनी, जे वर्षभर शॉपफ्लोरवर फिरकत नाहीत. मग पेढा आला. तोही वरून, लांबून, माझ्या तळहातावर टाकला. हाताला हात लागायला नको म्हणून.

आरती संपली तसा सुपरवायझर ओरडला, "चला, लायनीवर! ऑर्डर जायचीय आज."

मी विचारलं, "सर, मीपण?"

"मग तुझं काम काय मी करू?"

म्हणजे पूजा होईपर्यंत माझा दोष लागत होता. माल काढायचा म्हटल्यावर लागेनासा झाला. मशीन तेच, हात तेच, पाळीही तीच. लातूरकडं आमच्या घरात त्या चार दिवसांत मी बाजूलाच बसायचे. तेव्हा मला माझ्याच अंगाची घाण वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा मला या लोकांची किळस आली. पेढा मी पिंपात टाकला आणि कामाला लागले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तोच सुपरवायझर, तोच प्रश्न, आणि तशाच रोखलेल्या नजरा.

शेजारच्या मशीनवरची सुनीता परभणीची. तिनं घाईघाईनं सांगितलं, "मला न्हाई ओ, सर." सुटली.

"तुझं काय?" त्यानं मला विचारलं.

मला पाळी नव्हती. 'नाही' म्हटलं असतं तर मीही सुटले असते. पण तोंडातून तो शब्द काढायचीच शिसारी आली.

"सांगणार नाही."

"म्हंजी हाय?"

"आहे का नाही, ते तुम्ही विचारायचंच नाही."

ताटातलं हळदकुंकू मी घेतलं आणि माझ्या मशीनला वाहिलं. हात जोडले. मनापासून जोडले, कारण माझं पोट त्या मशीनवर आहे. सुपरवायझर नारळ हातात धरून बघत राहिला. "बाटवली ना पूजा!" मागून कुणीतरी म्हणालं.

दुपारी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. बाईमाणूस आहे, समजून घेईल, असं वाटलं होतं. कसलं काय!

"तू लोकांच्या भावना दुखावल्यास," मॅडम म्हणाल्या. "घटनेनं प्रत्येकाला धर्माचं स्वातंत्र्य दिलंय. कंपनी त्यात पडत नाही."

"मॅडम, माझाही धर्म तोच आहे. मलाही पूजाच करायची होती."

"उगाच वाद घालू नकोस."

थू! यांना घटना आठवते ती बाईला बाजूला काढताना. घटनेनं धर्माचं स्वातंत्र्य सगळ्यांना दिलं. मग त्यात मी नाही? त्याच घटनेत बाई आणि पुरुष सारखे आहेत, ते यांच्या वाचण्यात कधी येत नाही. आणि म्हणे, कंपनी पडत नाही! विचारणारा कंपनीचा पगारी माणूस. कंपनीच्या शेडखाली, ड्यूटीवर, कंपनीचा शर्ट घालून विचारतो. माझ्या चड्डीपर्यंत पोचलात की तुम्ही. आणखी कुठं पडायचं राहिलंय?

मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. "माफी लिहून दे. नाहीतर तुझं काँट्रॅक्ट वाढणार नाही."

दिघीतल्या खोलीचं भाडं या नोकरीवर आहे. आईचं औषध या नोकरीवर आहे. हे मॅडमना माहीत होतं, म्हणून तर त्यांचा आवाज इतका शांत होता. तरी मी लिहिलं.

'मला पाळी आहे की नाही, हे मी कंपनीत कुणालाही सांगणार नाही. पुढच्या खंडेनवमीलाही सांगणार नाही. माझ्या मशीनची पूजा मी करणार.' खाली सही केली.

मॅडमनी वाचलं. "हे तुला महागात पडेल."

"पडू दे," मी म्हटलं. "मला काढायचं तर काढा. फक्त कशासाठी काढलं, ते असंच लिहून सही करून द्या. मला ते कोर्टात लावायचंय."