चौथी ओळ

त्या डोंगरातल्या गावात कुणाला खोटं बोलायचं असलं, की तो आधी पेंटरकडे यायचा. कारण खोटं नुसतं बोलून भागत नाही. ते ठळक, वळणदार आणि बसमधून उतरता उतरता वाचता येईल असं लिहावं लागतं.

'चोवीस तास गरम पाणी' हे पेंटरनंच लिहिलेलं. 'गावातलं सर्वात जुनं दुकान' हे त्यानं एकाच रस्त्यावर तीन ठिकाणी लिहिलं होतं, आणि तिन्ही ठिकाणी भिंतीचं प्लास्टर अजून ओलं होतं. 'खोलीतून शिखर दिसते' लिहिताना त्यानं लॉजवाल्याला भाबडेपणानं विचारलं, "कुठल्या खिडकीतून?"

"न्हाणीघरातल्या. बादली पालथी घालून वर उभं राहिलं की."

पेंटरनं लिहून दिलं. त्याला अक्षराचं पडलेलं असायचं. अर्थ ज्याचा त्यानं बघावा. त्याच्या 'र'चा पाय खाली येऊन मांजराच्या शेपटीसारखा अलगद वर वळायचा. तसा 'र' पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमला नाही.

मग छापील फ्लेक्स आले. शिखर, बर्फ, हसणारं जोडपं, सगळं एका दिवसात छापून मिळू लागलं. पेंटरचे ब्रश वाळले. त्याच वर्षी बायको गेली. सकाळी उठावं, चहा करावा, एक कप भरावा आणि दुसऱ्याकडे गेलेला हात मागं घ्यावा, असं काही महिने चाललं. शेवटी त्यानं तो दुसरा कप ब्रश बुडवायला घेतला, म्हणजे हातालाही कळेल.

त्याची खोली बसस्टँडच्या समोर, जिना चढून वर. एका खिडकीतून स्टँड दिसायचा, दुसरीतून चढावरचं ताईचं घर. त्याचं निळं दार पेंटरनंच रंगवलेलं. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला हाताशी धरून वाढवलं, त्यामुळं साठी उलटली तरी ती त्याला रस्त्यात अडवून "शर्टाचं बटण लाव" म्हणू शकायची. तिच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, वरच्या फाट्यावर चहाची टपरी आणि दोन खोल्यांचं लॉज.

दिवसभर खिडकीत बसून पेंटर बघायचा. बस यायची, पाठीवर बोजे घेतलेले पाहुणे उतरायचे, आणि खाली त्यांची फसवणूक सुरू व्हायची. एकदा एक म्हातारी पाहुणी बाकावर बसून रडताना त्याला दिसली. तिचं ठरलेलं हॉटेल जळालं असं सांगून कुणीतरी तिला भलत्याच ठिकाणी नेलं होतं. हॉटेल तर तिच्या पाठीमागंच उभं होतं, पेंटरच्या अक्षरांसकट.

त्या दुपारी त्यानं ब्रश धुतले, एक जुनी फळी घासून पांढरी केली, दोरीनं रेघा मारल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशिवाय बोर्ड लिहिला. जिन्याखालच्या स्वतःच्या भिंतीवर टांगला.

'येणाऱ्या पाहुण्यांनी एवढं वाचावं.

१. तुमचं हॉटेल जळालं असं कोणी म्हणालं, तर आधी जाऊन राख बघावी.

२. भाड्याचे बूट घेतानाच त्यांची भोकं मालकाला दाखवून ठेवावीत. नंतर ती तुमची होतात.

३. वर नेलं म्हणजे खालीही आणायचं, असं घोडेवाला मानत नाही. आधीच विचारावं.

४. पुढची वाट बंद आहे असं फाट्यावर कोणी सांगितलं, तर हसावं आणि पुढं चालावं.

५. गुडघ्याचं तेल विकणाऱ्याला आधी दहा पायऱ्या चढून दाखवायला सांगावं.'

सहावी ओळ पुढल्या वर्षी वाढवावी लागली. बोर्डाचा इतका बोलबाला झाला, की गावातले चार भामटे "तो बोर्ड मीच लिहिलाय" सांगून पाहुण्यांचा विश्वास मिळवू लागले. म्हणून, 'बोर्ड मीच लिहिला म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.' आणि सर्वांत खाली, जरा बारीक अक्षरात, सातवी: 'तरीही फसलात, तर जिन्यानं वर यावं. चहा मिळेल.'

सातव्या ओळीसाठी त्यानं साखरेचा डबा भरून ठेवला होता. पण जिना कुणी चढलं नाही. ज्यांनी बोर्ड वाचला ते फसले नाहीत, जे फसले त्यांनी वाचला नव्हता. आणि एक पाहुणा तर खाली उभा राहून बायकोला सांगत होता, "फुकट चहा? यातच काहीतरी गोम आहे. चल!"

गावानं पेंटरशी बोलणं टाकलं. न्हावी दाढी करायचा, पण गप्पा न मारता, आणि न्हाव्यानं गप्पा न मारणं म्हणजे काय, हे दाढी करून घेणाऱ्यालाच कळतं. ह्या सगळ्याचं पेंटरला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते ताईचं.

कारण फाट्यावर "वाट बंद आहे हो, दरड आलीय" असं सांगून पाहुण्यांना स्वतःच्या लॉजमध्ये मुक्कामाला लावणारा माणूस गावात एकच होता. दाजी.

ताई जिना चढून आली, तीही दारातच थांबली.

"चौथी ओळ पूस."

"ताई, खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच सांगतेय. खोटं असतं तर मी कशाला आले असते?"

"मग बाकीच्यांनी काय पाप केलंय? सगळंच पुसतो."

"बाकीचे माझे नवरे नाहीत," ताई म्हणाली आणि गेली.

ओळ राहिली, ताई तुटली. त्याला सात वर्षं झाली. निळ्या दाराचा रंग आता खालून पोपडे धरू लागला होता. पेंटरला ते खिडकीतून दिसायचं, आणि त्याचे हात शिवशिवायचे. पण दाराला हात लावायचा तर आधी ते वाजवावं लागतं. कितीदा तरी तो टर्पेंटाइनची चिंधी घेऊन बोर्डापुढं उभा राहिला. चौथी ओळ पुसली, की चढावरचं दार उघडेल. पण नेमका त्याच वेळी एखादा पाहुणा येऊन मान वर करून वाचू लागायचा, आणि पेंटर चिंधी खिशात घालायचा. खिशाला कायमचा वास लागला होता.

त्या हंगामात सलग चार दिवस पाऊस लागला. पाचव्या सकाळी उघडलं, आणि दहाच्या सुमाराला दाजी धापा टाकत स्टँडवर आले. पेंटर बोर्डावरचे पावसाचे शिंतोडे पुसत होता.

"मेहुणे," सात वर्षांत पहिल्यांदा दाजी बोलले, "वाट बंद आहे."

पेंटर हसला आणि पुढं चालू लागला. स्वतःचंच लिहिलेलं इतकं अंगवळणी पडलं होतं.

"अहो, हसताय काय! देवाशप्पथ दरड आलीय. अर्धी वाट दरीत गेलीय. मी सांगतोय, तर जो तो हसतोय आणि पुढं जातोय! दोघं गेलीसुद्धा!"

पेंटर वळला. आधी त्यानं दाजींचं तोंड बघितलं. त्यावरून काही ठरवणं शक्य नव्हतं. मग खाली बघितलं. दाजी म्हणजे टपरीच्या खुर्चीतून चहाच्या किटलीपर्यंत जाणारा माणूस. त्यांच्या चपला सोल उसवण्याआधी जुन्या व्हायच्या. आज त्यांच्या पायांत बूट होते, आणि बुटांवर घोट्यापर्यंत तांबडा चिखल होता. तसला तांबडा रंग वरच्या खिंडीतच मिळतो. रंगाच्या बाबतीत पेंटरला कुणी फसवू शकत नव्हतं.

त्यानं काळ्या रंगाचा डबा आणि एक ब्रश उचलला. का उचलला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं घराबाहेर पडताना हातात तेच असायचं.

फाट्याला पोचतात तोच खालून पाच जणांचा घोळका आला. पुढं टोपी घातलेली एक पोरगी.

"थांबा," पेंटर म्हणाला, "पुढची वाट बंद आहे."

पाचही जण हसले. मनापासून, पाठ केल्यासारखे.

"काका, तुमच्याच गावात एक बोर्ड आहे," पोरगी म्हणाली, "वेळ मिळाला तर वाचा."

"अगं, तो बोर्ड मीच लिहिलाय!"

हे ऐकून तर ते खदाखदा हसले. तिनं मोबाइलवर काढलेला बोर्डाचा फोटो त्याच्या नाकापुढं धरला. "सहावी ओळ."

दाजींना अशा प्रसंगातही राहवलं नाही. "बघा मेहुणे! आयुष्यात एकदा खरं बोललो, ते तुम्ही वाया घालवलंत. आता तुमचंही गेलं!"

घोळका चालू पडला. पेंटरनं आता काय करावं? आडवं पडावं? ओरडावं? तेही भामटे करतातच. मग त्याला हातातला डबा आठवला. त्यानं झाकण काढलं, वाटेच्या तोंडाशी असलेल्या सपाट दगडासमोर गुडघे टेकले आणि लिहायला लागला. 'र' काढला. मग 'स्ता'. तो घाईनं लिहीत होता, तरी हात हातच होता. 'र'चा पाय खाली आला आणि मांजराच्या शेपटीसारखा अलगद वर वळला.

टोपीवाली मागं वळून बघत होती. ती थांबली. परत आली. फोटो बोटांनी मोठा करून तिनं दगडाशेजारी धरला. 'राख'मधला 'र', 'विचारावं'मधला 'र', आणि हा, अजून ओला.

"अरे, थांबा रे," तिनं बाकीच्यांना हाक मारली. आता तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "हे खरं आहे."

पेंटरचं 'बंद' लिहून होईपर्यंत पुढं गेलेलं जोडपं रांगत-सरपटत परत आलं. दोघांची ढोपरं फुटलेली, एक पिशवी दरीत गेलेली. बाई दाजींचे हात धरून म्हणाली, "तुम्ही सांगत होतात हो!" दाजींना अशा वेळी काय म्हणायचं असतं, ह्याची सवय नव्हती. त्यांनी चहा टाकला.

खाली आल्यावर पेंटर बोर्डापुढं उभा राहिला. चिंधी खिशातच होती. पण वाट महिन्याभरात दुरुस्त होणार आणि दाजी पुन्हा खुर्चीत बसणार, हेही त्याला ठाऊक होतं. ओळ पुसली तर वाट खरंच बंद झाल्यावर लोक ऐकतील, पण उघडी असताना फसतील. त्यानं ओळ पुसली नाही, वाढवली. '...तर आधी त्याचे बूट बघावेत. चिखल असला तर मागं फिरावं. नसला तर हसावं आणि पुढं चालावं.'

चढावरचं दार काही उघडलं नाही. ओळ पूस म्हणून सांगितलं होतं, तर ह्यानं ती लांबवली. पेंटरनं त्या दिशेची खिडकी लावून घेतली.

वाट सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारी जिना वाजला. इतक्या वर्षांत वाजला नव्हता, म्हणून त्याला आधी वाटलं, खालच्या दुकानात काही पडलं. दारात ताई उभी होती. केस पार पांढरे.

"सातवी ओळ वाचून आले," ती म्हणाली. "मी फसले. चहा टाक."

पेंटरनं स्टोव्ह पेटवला. धड कप एकच होता; दुसरा, ब्रशचा, त्यानं तीनदा घासला आणि स्वतःकडे घेतला. ताईनं तोच ओढून घेतला, एक घोट घेतला.

"टर्पेंटाइन पाजतोस होय रे? आणि बटण लाव वरचं."

त्यानं लावलं.

"मला वाटलं, हे सुधारले," ती कपात बघत म्हणाली. "रोज सकाळी बूट घालून निघतात. म्हटलं, वाट बघायला जात असतील. आज मी मागच्या दारानं डोकावले, तर स्वारी परसातल्या नळाखाली माती कालवून बुटांना फासतेय. नव्या नवरीला हळद लावावी तशी."

पेंटरला हसू आलं, पण ताई हसत नव्हती, म्हणून त्यानं ते गिळलं.

"परसातली माती काळी," ताई म्हणाली. "वरची तांबडी. बाकी तुझं तू बघ. मी काही सांगितलेलं नाही."

ती उठली. दारात क्षणभर थांबली. "आमच्या दाराचा रंग निघालाय," एवढंच म्हणाली, आणि कठडा धरत हळूहळू उतरून गेली.

पेंटरनं दोन्ही कप विसळले. ह्या वेळी दुसऱ्यात ब्रश ठेवला नाही. पालथा घालून ठेवला. मग खाली गेला आणि चौथ्या ओळीत 'चिखल'च्या आधी जागा करून एक शब्द घातला: 'तांबडा'. कुणाला कळलं नाही तर म्हणून शेजारी बोटभर तो रंगही लावून ठेवला, ताडून बघायला. रंग जमवायला त्याला संध्याकाळ झाली. खिंडीतली माती नुसती तांबडी नसते, तिच्यात किंचित करडं असतं.

मग त्यानं फडताळातून निळ्याचा डबा काढून हलवून बघितला. तळाशी थोडा रंग होता. एका दाराला पुरला असता. पण वर घट्ट साय धरली होती, आणि ती फोडली की जाऊन दार वाजवावं लागणार होतं, म्हणून त्याला बराच वेळ सुरुवात करवेना.