दोनशे अठरावी लेव्हल

घोडपदेवच्या कौसल्या साळवे यांनी चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून काढली. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना टरकून असायचे. निवृत्तीनंतर मात्र या बाईंना मोबाइलमधल्या रंगीत ठोकळ्यांनी गुंडाळलं. एका रंगाचे तीन ठोकळे रांगेत आणले की ते फट्कन फुटतात, चांदण्या उडतात, एवढाच खेळ. बाई म्हणायच्या, "मी खेळत नाही, डोकं शांत करते." डोकं शांत होईपर्यंत कुकरच्या सात शिट्ट्या व्हायच्या.

दोनशे अठराव्या लेव्हलला त्या नऊ दिवस झाले तरी अडकूनच होत्या.

"एकच ठोकळा राहिला गं! परत एकच!"

त्यांची सून प्रिती परळच्या एका गेम कंपनीत होती. ती जरा चाचरतच म्हणाली, "आई, तो एक मुद्दाम राहतो. थोडक्यात हरलेला माणूस परत खेळतो. सपशेल हरला तर फोन ठेवून देतो."

"आणि खेळातले पाच जीव संपले, म्हणजे पाचदा हरलं, की अर्धा तास थांबवतात, ते?"

"त्यानं ओढ लागते."

"तुला बरं एवढं माहीत!"

"दोनशे अठरा मीच बनवलीय, आई."

दोन दिवस सासूबाई सुनेशी कामापुरतंच बोलल्या. मग त्यांनी एक जुनी वही काढली आणि तापाचा तक्ता भरावा तसा प्रत्येक डाव लिहायला घेतला. पंधरा दिवसांत निदान झालं: एकाच दिवसात ओळीनं आठ वेळा हरलं की नववा डाव आपोआप सोपा येतो. त्या मुद्दाम आठदा हरल्या, नवव्यांदा जिंकल्या आणि वही प्रितीपुढे आपटली.

प्रितीनं ती कंपनीतल्या साहेबांना, म्हणजे शंतनुला दाखवली. त्यानं बाईंना ऑफिसात बोलावून चहा दिला.

"खेळणारे कंटाळून सोडून जाऊ नयेत म्हणून सोपं करतो, मॅडम."

"मी काय पेशंट आहे, सलाइन लावायला? अवघड ठेवा, पण खरं ठेवा. हरले तर माझ्या चुकीनं हरू दे."

शंतनुनं सगळ्या लेव्हली काही बदलल्या नाहीत, धंदा आहे. पण नव्या लेव्हली तपासायला बाईंना आठवड्यातून दोन सकाळी बोलावलं. आता तिथली पोरं त्यांची चाहूल लागली की ताठ बसतात. "इथे माणूस चिडेल", "हा डाव लबाड आहे", असे शेरे त्या लाल पेनानं मारतात. प्रितीच्या तीन लेव्हली परत आल्यात.

परवा प्रिती म्हणाली, "आई, जेवताना तरी फोन ठेवा."

बाईंनी मानही वर केली नाही. "ऑफिसचं काम आहे. तू वाढ."